मामांचे घोरणे आणि माझे नाक

घोरण्याचा आवाज साऱ्या घराला ऐकू येतो, फक्त घोरणाराला येत नाही. त्यामुळे या विषयावर जेवढे विनोद झाले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही व्याधीवर झाले नसतील. क्षयावर कोणी विनोद करीत नाही, मधुमेहावर बेताने करतात. घोरण्यावर मात्र लग्नाच्या जानवशापासून कॉलेजच्या स्नेहसंमेलनापर्यंत वाटेल त्याने वाटेल तसा विनोद करावा आणि घोरणाऱ्यानेच सर्वांत मोठ्याने हसावे, असा रिवाज आहे. आमच्या मामांनीही हा रिवाज तीस वर्षे पाळला. मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याकडे त्यांचे गाव. मामांच्या घोरण्याच्या भीतीने बिबट्या डोंगर उतरून खाली येत नाही, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती. आणि ती सांगताना खुद्द मामांचाच ऊर भरून येई.

हे मामा २०२४ च्या मे महिन्यात, ऐन उन्हाच्या वेळी, शहापूरला माझ्या कॉलेजात येऊन उभे राहिले. मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बसलो होतो. मामांनी पाणी घेतले, टोपीने वारा घेतला आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही नाकात करंट घेतलात ना, तो मला गळ्यात घ्यायचा हाय. दवाखाना दाखवा."

(लहानपणी मामा माझा कान धरून अरेतुरे करीत. मला नोकरी लागली त्या दिवसापासून 'मास्तर' आणि 'तुम्ही' म्हणू लागले. पुष्कळ विनवूनही ते पुन्हा अरेतुरेवर आले नाहीत.)

करंटाची हकीकत अशी. त्याच वर्षीच्या जानेवारीत मी कल्याणच्या एका डॉक्टरीणबाईंकडून नाकावर एक उपचार करून घेतला होता. त्याला रेडिओफ्रीक्वेन्सी म्हणतात. ही वार्ता शहापूरहून मुरबाडला जाईपर्यंत 'भाच्याच्या नाकात करंट सोडला' अशी झाली आणि मुरबाडहून टोकावड्याला पोचेपर्यंत 'करंट सोडला आणि घोरणे कायमचे बंद' अशी झाली. वास्तविक मी घोरतच नव्हतो. पण वार्तेला पाय फुटले की ती असल्या तपशिलासाठी थांबत नाही. भरीस भर म्हणून गावातल्या कोणा पोराने मोबाइलवर मामांना एक चित्रफीत दाखविली. तीत गळ्यातील मांस असल्याच यंत्राने आकसवून पंधरा मिनिटांत घोरणे घालविण्याची हमी दिली होती.

आता तीस वर्षे ज्या घोरण्याचा अभिमान वाहिला, ते घालविण्याची घाई मामांना का सुटावी? ते कारण त्यांनी चहा झाल्यावर सांगितले. मामांचा टेम्पो आहे. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरायचे, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि पहाटे कल्याणचे मार्केट गाठायचे, हा त्यांचा बारमाही धंदा. चैत्रात एका रात्री घाट उतरताना टेम्पो कठड्याला घासला. क्लीनर ओरडला म्हणून मामा जागे झाले. होय, जागे झाले. कारण स्टिअरिंग हातात असताना त्यांना झोप लागली होती. "डुलकी हो, दुसरं काय," असे मामा म्हणाले. पण ते सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

मामांना तसेच बसवून थोडे माझ्या नाकाकडे वळतो, कारण करंट म्हणजे काय हे समजल्याखेरीज पुढची भानगड समजावयाची नाही.

शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो. तानसा, भातसा आणि वैतरणेचा मोडकसागर हे तिन्ही जलाशय याच मुलखात. हवेच्या बाबतीतही आमची कीर्ती चांगली आहे. मुंबई-ठाण्याची मंडळी सुट्टीच्या दिवशी माहुलीच्या किल्ल्याला नाही तर माळशेजला येऊन छाती भरभरून श्वास घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. येथे राहणाऱ्याच्या नाकाला निराळा अनुभव येतो. फाल्गुन-चैत्रात भाताच्या रोपांच्या जागी पालापाचोळा आणि शेण पसरून राब जाळतात, त्याचा धूर. उन्हाळाभर वीटभट्ट्यांचा धूर. कार्तिकात भाताची झोडणी, तिची धूळ. मग गिरणीतला कोंडा. चुलीचा धूर बाराही महिने. त्यावर पुन्हा वडीलधाऱ्यांची तपकीर! ज्याच्या नाकाला ॲलर्जी आहे, त्याला या पंचांगात एकही दिवस सुटीचा नाही.

अशा माणसाचे नाक बंद राहू लागले की आमच्याकडे त्याचे एकच निदान होते: "नाकाचं हाड वाढलंय." हे वाक्य इतक्या ठामपणे उच्चारले जाते की पुढे कोणी काही विचारीत नाही. वस्तुतः या एका हाडाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असतो, ती एक. आतल्या अस्तराला द्राक्षांसारखे मऊ कोंब फुटतात, ती दुसरी. आयुर्वेदाने तिला नासार्श हे नाव फार पूर्वीच दिले आहे. आणि तिसरी माझी. नाकाच्या प्रत्येक बाजूच्या भिंतीवर एकाखाली एक अशा तीन वळकट्या असतात, त्यांना डॉक्टर टर्बिनेट म्हणतात. आत पातळ हाड, वर रक्ताने भरलेले मांसल अस्तर. बाहेरची हवा गरम करावी, ओलसर करावी, तिच्यातली धूळ अडवावी, ही त्यांची नेमणूक. दिवसाकाठी दहा हजार लिटरच्या आसपास हवा त्यांच्या अंगावरून जाते. सर्वांत खालची वळकटी सर्वांत मोठी. वर्षानुवर्षे ॲलर्जीने सुजून सुजून ती कायमचीच फुगून बसली, की नाक बंद.

निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या सारख्या वाहत नाहीत, हे मला तेव्हाच कळले. एका बाजूची वळकटी काही तास फुगते, मग ती ओसरते आणि दुसरी फुगते. कायसर नावाच्या जर्मन वैद्याने १८९५ मध्ये याचे वर्णन केले. आपल्याकडे चंद्रनाडी आणि सूर्यनाडी यांचा विचार करणाऱ्या योग्यांना ही गोष्ट त्याच्या पुष्कळ आधी ठाऊक होती. त्यांनी तिच्यावरून शुभाशुभही ठरविले, तो भाग सोडून देऊ.

बंद नाकाचा त्रास कोणालाही होतोच, पण मराठीच्या प्राध्यापकाला तो अंमळ अधिक होतो. ङ, ञ, ण, न, म ही पाच अनुनासिके आम्ही वर्गात शिकवितो. टाळूचा मागचा मऊ भाग, म्हणजे मृदुतालू, खाली येतो, हवा नाकातून जाते आणि 'म' उमटतो. तोच मृदुतालू वर जाऊन नाकाची वाट बंद करतो तेव्हा 'ब' उमटतो. माझे नाक पुढूनच बंद. त्यामुळे मृदुतालूने कितीही खाली वाकून वाट करून दिली तरी हवेला जायला जागा नाही. 'नमन' म्हणावयास जावे तर 'दबद' असे काही तरी बाहेर पडे. पहिल्या बाकावरच्या मुली वहीत डोके घालीत. सर्दी झालेला माणूस नाकात बोलतो असे आपण म्हणतो, तेही खरे पाहता उलटे आहे. त्या बिचाऱ्याला नाकात बोलताच येत नाही, हीच त्याची तक्रार. नाकात बोलतो तो गेंगाणा. त्याची वाट जरुरीपेक्षा जास्त उघडी असते. हा भेद लक्षात ठेवावा. मामांच्या गळ्याशी पोचल्यावर तो कामास येणार आहे.

डॉक्टरीणबाईंनी प्रथम यंत्राचे नावही काढले नाही. तीन महिने नाकात मारण्याचा औषधी फवारा दिला, मीठपाण्याने नाक धुवावयास सांगितले आणि एक ताकीद दिली. औषधाच्या दुकानात नाक चटकन मोकळे करणारे थेंब मिळतात, ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन अशी त्यांची नावे. ते तीन ते पाच दिवसांपलीकडे घालू नयेत. ते उतरले की अस्तर पहिल्यापेक्षा जास्त सुजते, मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. आमच्या लोकलच्या डब्यातले एक गृहस्थ आठ वर्षे ती बाटली शर्टाच्या खिशात बाळगून आहेत. आसनगावला गाडी सुटताना एकेक थेंब घालतात आणि टिटवाळ्याला पुन्हा खिशात हात जातो.

तीन महिन्यांनी शिंका कमी झाल्या, पण नाक काही उघडेना. तेव्हा रेडिओफ्रीक्वेन्सीचा विषय निघाला.

यातला रेडिओ हा शब्द शोभेसाठी नाही. आपल्या घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. ती अंगात शिरली की स्नायू आखडतात, माणूस चिकटतो. पण हीच दिशा सेकंदाला लाखो वेळा बदलू लागली, तर स्नायूंना आणि मज्जातंतूंना तिची दखल घेण्याइतका वेळच मिळत नाही. झटका बसत नाही. फक्त ऊब निर्माण होते. फ्रान्सच्या दार्सोन्व्हालने हे १८९१ मध्ये दाखवून दिले. १९२६ मध्ये बोस्टनला विल्यम बोव्ही यांनी बनविलेले असे विजेचे यंत्र हार्वे कुशिंग या शस्त्रवैद्याने मेंदूची गाठ काढताना वापरले आणि तेव्हापासून ते जगभर शस्त्रक्रियागृहात जाऊन बसले. नाक-घशासाठी जी यंत्रे निघाली, त्यांतले एक प्रसिद्ध यंत्र सेकंदाला चार लाख साठ हजार आवर्तनांवर चाले. ज्या मध्यम लहरींवर आपल्या वडिलांनी आकाशवाणीच्या बातम्या ऐकल्या, त्यांच्या अगदी शेजारचाच हा पट्टा! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्राला १९९७ मध्ये टाळूवरील उपचारासाठी मान्यता दिली आणि घोरण्यावर विजेचा इलाज निघाला, अशी हवा झाली.

मांसाला ऊब देऊन रोग घालविणे ही कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात एक अख्खा अध्याय अग्निकर्मावर आहे. आमच्या डोंगराकडच्या वाड्यांत तर तापलेल्या लोखंडाचा डाग देणे अगदी आतापर्यंत चाले. माझ्या आजीच्या पोटावर तसले दोन गोल व्रण होते. म्हणून मी बाईंना विचारले, "डाग देण्यात आणि यात फरक काय?"

"डाग वरून आत जातो," त्या म्हणाल्या. "कातडी आधी जळते, आत काही पोचलं तर पोचलं. यात सुई स्वतः तापलेली नसते. तिच्या टोकाभोवतीचं मांसच आतून तापतं, साठ ते नव्वद अंशांपर्यंत. वरचं अस्तर शाबूत राहतं. ते जाळलं तर नाक मोकळं होईल, पण कोरडं पडेल आणि खपल्यांनी भरून जाईल."

प्रत्यक्ष प्रकार सांगण्यासारखा फारसा नाही. खुर्चीत बसविले. बधिर करणाऱ्या औषधात भिजविलेले कापसाचे बोळे नाकात ठेवले, मग एक टोचणी. मांडीला एक चिकट पट्टा लावला, वीज त्या वाटेने परत जावी म्हणून. (हृदयात पेसमेकर आहे का, हे आधी दोनदा विचारले. ज्यांना असेल त्यांनी आपण होऊन सांगावे.) वळकटीच्या आत सुई गेली, यंत्र गुणगुणले, वरच्या दातांत किंचित ठणका जाणवला. दोन-तीन ठिकाणी असे करून दुसरी बाजू. वीस मिनिटांत मी रस्त्यावर होतो. दुपारच्या आसनगाव गाडीत बसावयासही जागा मिळाली, हे मला त्या दिवशीचे खरे आश्चर्य वाटले.

परंतु दुसऱ्या दिवसापासून नाक पूर्वीपेक्षाही घट्ट बंद झाले. याची सूचना मिळालेली होती, म्हणून धीर धरला. भाजलेले मांस आधी सुजते. मग शरीर ते हळूहळू शोषून घेते आणि त्या जागी वण तयार होतो. वण आकसतो आणि त्याबरोबर वळकटीही. याला आठवडे लागतात. मीठपाणी, खपल्या आणि तोंडाने श्वास यांत पंधरवडा गेला. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे जाग आली ती थंड हवा नाकाच्या पार मागेपर्यंत पोचल्यामुळे. त्या दिवशी वर्गात मी 'नमन' हा शब्द कारण नसताना तीनदा उच्चारला. आता दोन वर्षे होत आली. झोडणीच्या दिवसांत शिंका अजून येतात, फवारा अजून घ्यावा लागतो. ॲलर्जी करंटाने जात नाही. काहींची वळकटी काही वर्षांनी पुन्हा फुगते, असेही बाईंनी सांगून ठेवले आहे. फुगली तर पाहू.

आता मामा. मी त्यांना त्याच बाईंकडे नेले. मामीही आल्या. बाईंनी मामांचे नाक पाहिले, मग जीभ बाहेर काढावयास लावली. मामांचा घसा असा भरलेला, की पडजीभ दिसेना. त्यांनी शिंप्याची असते तसली टेप काढून गळ्याचा घेर मोजला: साडेसतरा इंच. रक्तदाब घेतला, तो वाढलेला निघाला. आणि मग मामांना बाजूला ठेवून त्या मामींकडे वळल्या. "रात्री काय होतं ते तुम्ही सांगा."

मामी पदर सावरीत म्हणाल्या, "ते घोरत्यात तोवर मी बिनघोर असते, बाई. घोरणं थांबलं का माझ्या जिवाला घोर."

घोर आणि घोरणे यांची अशी गाठ कोणी घातलेली मी तरी वाचली नाही. पण बाईंना अलंकाराचे कौतुक नव्हते. "थांबतं म्हणजे किती वेळ?" त्यांनी विचारले. मामींनी सांगितले ते असे: मामा घोरता घोरता एकदम गप्प होतात. छाती हलते, पण वारा येत नाही. मामी मनात आकडे मोजतात. वीस, पंचवीस, कधी तीस. मग मामा बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसे हुंदका देऊन श्वास घेतात आणि पुन्हा घोरू लागतात. आकडा तिशीपलीकडे गेला की मामी त्यांना कोपराने ढोसतात. किती वर्षे? "धाकटीच्या लग्नापास्नं." म्हणजे नऊ वर्षे. नऊ वर्षे ही बाई रात्र-रात्र आकडे मोजीत पडली होती आणि गाव बिबट्याचा विनोद करीत होता.

बाईंनी गळ्याला करंट द्यावयास साफ नकार दिला. मामा नाराज झाले. यंत्र तेच, सुई तशीच, दवाखाना तोच. भाच्याच्या नाकाला चालतो तो करंट मामाच्या गळ्याला का चालू नये? पैशाची अडचण आहे असे समजून त्यांनी बंडीच्या खिशात हातही घातला.

"मामा," बाई म्हणाल्या, "घरात चोर शिरतो म्हणून तुमचा कुत्रा भुंकतो. मी कुत्र्याचं तोंड बांधून दिलं तर तुम्हा सगळ्यांना शांत झोप लागेल. पण चोराचं काय?"

यापुढे त्यांनी जे समजावून सांगितले, ते प्रत्येक घोरणाऱ्याच्या घरी माहीत असावे असे मला वाटते. घोरण्याचा आवाज होतो तो टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ यांच्या फडफडण्याने. शिडाचे कापड ढिले असले की वाऱ्याने फडफडते, तसा प्रकार. टाळूत दोन-तीन ठिकाणी सुई घालून ऊब दिली, की आत वण पडून कापड ताठ होते आणि फडफड कमी होते. ज्याचे घोरणे नुसतेच घोरणे आहे, अंगाने फार स्थूल नाही, टॉन्सिल्स मोठे नाहीत, त्याला याचा गुण येतो. पुष्कळदा दोन-तीन खेपा कराव्या लागतात आणि काहींचे घोरणे काही वर्षांनी परतही येते. मात्र ज्याचा श्वासच अडतो, त्याची वाट टाळूपाशी नव्हे तर जिभेच्या मुळापर्यंत ठिकठिकाणी मिटत असते. झोपेत स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते आणि बाजूच्या भिंती जवळ येतात. तेथे टाळू ताठ करून आवाज गेला तरी श्वास अडावयाचा तो अडतोच. उलट मामींना इशारा देणारा भोंगा तेवढा बंद होतो.

आणि त्या मऊ भागाचे मांस फार कमी केले तर? येथे मी आमच्या शास्त्राचा मुद्दा काढला आणि बाईंनी मान डोलावली. मृदुतालू आखूड पडला तर नाकाची वाट पुरती बंद होत नाही. माणूस गेंगाणा बोलू लागतो आणि प्यायलेले पाणी नाकातून येते. १९८१ मध्ये जपानी वंशाच्या फुजिता यांनी अमेरिकेत टाळू आणि पडजीभ कापून घसा रुंद करण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तीत ही भीती असते. सुईच्या उपचारात ती पुष्कळच कमी, म्हणून तर तो निघाला. योगायोग असा, की त्याच १९८१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन यांनी अगदी उलट वाट धरली. त्यांनी काही कापले नाही. झाडलोट करण्याच्या व्हॅक्युम क्लीनरची मोटर घेतली, ती उलटी जोडली आणि तिची हवा नाकावाटे झोपलेल्या रुग्णाच्या घशात सोडली. हवेच्या दाबाने मिटलेली वाट उघडी राहिली. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चपटी होत नाही, इतकी साधी गोष्ट! यालाच आज सीपॅप म्हणतात.

मामांच्या बोटाला, नाकाला आणि छातीला लावून रात्रभर नोंद घेणारे एक छोटे यंत्र बाईंनी दिले. त्या रात्री मामा-मामी कल्याणला आमच्या बहिणीकडे झोपले. बहीण आणि तिचे यजमान झोपले किंवा कसे, हे मी विचारले नाही. सकाळी नोंद उलगडली. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ श्वास अडला किंवा फार मंदावला की एक खूण पडते. तासाला पाचपर्यंत खुणा चालतात. तीसच्या वर गेल्या की रोग गंभीर. मामांच्या तासाला त्रेचाळीस होत्या. म्हणजे दर दीड मिनिटाला मामांचा मेंदू दचकून उठत होता, श्वास घेत होता आणि पुन्हा झोपत होता. सकाळी उठून मामा 'आठ तास झोपलो' म्हणत ते खोटे नव्हते. फक्त त्या आठ तासांत झोप अशी नव्हतीच. माळशेजच्या वळणावर लागलेली डुलकी या हिशेबातली थकबाकी होती.

हा रोग आपल्याला वाटतो तेवढा विरळा नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईतील पस्तीस ते पासष्ट वयाच्या पुरुषांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत शेकडा साडेएकोणीस जणांचा श्वास झोपेत बिघडत होता आणि शेकडा साडेसात जणांना त्याबरोबर दिवसाची झोपही छळीत होती. हे शहरातले आकडे. रात्री घाट उतरणाऱ्या टेम्पोवाल्यांना कोणी यंत्रे लावून झोपविले तर काय निघेल, याचा विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे, तो उभ्या-उभ्या झोपतो आणि घोरतो. वाचक त्याला शंभर वर्षे हसले. १९५६ मध्ये डॉक्टरांनी एका गंभीर व्याधीला त्या कादंबरीचेच नाव दिले, तेव्हा हसणे थोडे कमी झाले.

लहान मुलांचे सांगावयाचे राहिले. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे टाकून झोपत असेल, तर बहुधा टॉन्सिल्स आणि नाकामागच्या ॲडेनॉइड गाठी वाढलेल्या असतात. त्या काढल्या की पुष्कळ मुले सुधारतात, अभ्यासातही. 'बापावर गेलंय' म्हणून कौतुक करीत बसू नये.

मामांनी सीपॅप घेतले ते सहजासहजी नव्हे. 'नाकावर सोंड लावून झोपायचं?' हा पहिला आक्षेप, वीज जाते हा दुसरा. पावसाळ्यात टोकावड्याकडे वीज जाते हे खरेच. पण टेम्पोची बॅटरी सांभाळलेल्या माणसाला इन्व्हर्टरचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. शेवटी मामींनी एका वाक्यात निकाल लावला. त्या म्हणाल्या, "मला आता मोजवत नाय."

जूनमध्ये यंत्र घरी आले. पहिला आठवडा मामांनी ते मध्यरात्रीच काढून फेकले. पुन्हा आम्ही बाईंकडे गेलो. बाईंनी नाकात पाहिले आणि पहिल्या भेटीत लिहून ठेवलेली ओळ वाचून दाखविली: दोन्ही बाजूंच्या खालच्या वळकट्या फुगलेल्या. यंत्र हवा देते ती नाकातून. नाकच बंद असेल तर दाब वाढवावा लागतो, घसा सुकतो, माणूस गुदमरतो आणि मुखवटा काढून टाकतो. सहा आठवडे फवारा देऊन पाहिला, फरक थोडका. तेव्हा ऑगस्टमध्ये, माझे झाले होते त्याच खुर्चीत, मामांच्या नाकाला करंट मिळाला. गळ्याला नाही. खुर्चीतून उठताना त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की दाव्याचा निकाल शेवटी त्यांच्याच बाजूने लागला असावा.

सप्टेंबरच्या अखेरीस ते सबंध रात्र मुखवटा लावून झोपू लागले. यंत्राच्या चिपेवर नोंद राहते. तासाला त्रेचाळीसवरून आकडा चारवर आला. रक्तदाबाची एक गोळी कमी झाली. तोपर्यंत रात्रीचा टेम्पो मामांनी शेजारच्या वाडीतल्या एका तरुण ड्रायव्हरच्या हाती दिला होता. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर २०२५ च्या संक्रांतीनंतर ते स्वतः घाट उतरू लागले, पण दिवसाउजेडी. रात्रीचा फेरा मात्र अजून त्या तरुणाकडेच आहे. पौषात म्हशाच्या यात्रेला गेले तेव्हा तीन रात्रींसाठी यंत्र आणि बॅटरी टेम्पोत घालून नेली, आणि घोंगड्यांच्या राशीशेजारी सोंड लावून झोपलेले मामा पाहायला लोक जमले.

मामींना मात्र पहिले काही दिवस झोपच येईना. घरात आवाजच नव्हता. कोपर उचलून त्या अंधारात वाट पाहत पडत आणि यंत्राची बारीक सुसू तेवढी ऐकू येई. परवा मी गेलो तेव्हा मामांनी तक्रार केली, की हल्ली मामीच घोरतात.

"मग बाईंकडे नेऊ का?" मी विचारले.

"मोजतोय," मामा म्हणाले. "अजून थांबलेल्या नाहीत."